भोसरी-चाकणमध्ये पहिली नोकरी कशी शोधायची (आणि कुठली सरळ सोडून द्यायची)

पिंपरी-चिंचवडमध्ये आयटीआय, डिप्लोमा, बीकॉम झालेली पोरं घरी बसलीत आणि इकडे भोसरीत गल्लोगल्ली गेटवर 'पाहिजेत'चे बोर्ड लटकलेत, ही गंमत मला रोज दिसते. मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपला क्वालिटी बघतो आणि नवीन पोरांची ट्रायल घ्यायचं काम पण माझ्याच गळ्यात पडलंय, त्यामुळे जे लिहितोय ते टेबलाच्या अलीकडून दिसतं तसं लिहितोय. एचआरवाले वेगळं सांगतील, सांगू देत.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. नोकऱ्या नाहीतच असं नाही आणि पोरं आळशी आहेत असं तर अजिबातच नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ ला १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर १०.२ टक्के निघाला, म्हणजे सगळ्या वयाच्या लोकांचा मिळून जो दर आहे त्याच्या तिप्पट, आणि शहरात तर त्याहून जास्त. घरातले काका-मामा अजून "टेल्कोत चिकटव, बजाजला बघ" म्हणतात (टेल्को म्हणजे आताची टाटा मोटर्स) कारण त्यांच्या वेळी ते तसंच होतं. पिंपरीत १९५४ ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, मग मोठ्या गाड्यांच्या कंपन्या आल्या आणि एकदा गेटच्या आत गेलेला माणूस रिटायर होऊनच बाहेर यायचा. आता आकुर्डीच्या बजाज प्लांटमधलं गाड्यांचं उत्पादनच २००७ ला थांबलं, नवीन प्लांट चाकण-तळेगाव-रांजणगावकडे गेले आणि तिथे लाइनवर उभी असलेली बरीचशी पोरं कंपनीची नसतातच, कॉन्ट्रॅक्टरची असतात. म्हणून काकांचा सल्ला प्रेमाने ऐकायचा आणि नोकरी आपल्या पद्धतीने शोधायची.

शोधायचं कुठे

मोबाइलवरच्या जॉब ॲपवर प्रोफाइल टाका, टाकू नका असं कोण म्हणतंय, पण भोसरीतल्या दहा-पंधरा माणसांच्या शॉपचा मालक ॲपवर जाहिरात टाकत नाही. तो आपल्या ऑपरेटरला विचारतो, "तुझ्या ओळखीचं कोणी आहे का रे?" आणि तेवढ्यावर जागा भरते. कोणाची ओळख नसेल तर मग पायी फिरायचं, त्याला पर्याय नाही. एस ब्लॉक, जे ब्लॉक, टी ब्लॉक, डब्ल्यू ब्लॉक, इलेक्ट्रॉनिक झोन, सेक्टर ७ आणि १०, नंतर चिखली-तळवडे पट्टा. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीतल्या कुदळवाडीत महापालिकेची मोठी अतिक्रमण कारवाई झाली, त्यात बरीच छोटी वर्कशॉप्स गेली, त्यामुळे तिथला जुना पत्ता कोणी दिला तर जायच्या आधी फोन करून खात्री करा.

गुरुवारी जाऊ नका. इथल्या बऱ्याच युनिटना गुरुवारी सुट्टी असते, रविवारी चालू असतात, आणि बाहेरून आलेली पोरं नेमकी गुरुवारी फिरून "सगळं बंद आहे, मंदी आहे" म्हणत घरी जातात 😀 सकाळी साडेदहा ते साडेबाराची वेळ चांगली, शिफ्ट लागलेली असते, मालक किंवा सुपरवायझर आलेला असतो आणि डिस्पॅचची गडबड अजून सुरू झालेली नसते. संध्याकाळी चारनंतर गेलात तर गाडी लोड करायची घाई असते, कोणी मान वर करून बघणार नाही.

गेटवर वॉचमनला "व्हेकन्सी आहे का" असं विचारलं की उत्तर ठरलेलं आहे, नाही. त्यापेक्षा आत काय बनतं ते आधी बघा. बाहेर स्क्रॅपचं पिंप असतं, त्यातला बुरादा बघितला तरी कळतं की टर्निंगचं काम आहे का मिलिंगचं, ॲल्युमिनियम आहे का स्टील. मग विचारायचं, "मी टर्नर आहे, सीएनसीवर हेल्पर म्हणून पण चालेल, सुपरवायझर साहेबांना दोन मिनिटं भेटता येईल का?" (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन.) यात फरक काय, तर वॉचमनला आत जाऊन काय सांगायचं ते तुम्ही तयार करून दिलंत. भेट नाही झाली तर बायोडेटा त्याच्याकडे ठेवा आणि चहा पिऊन परत या, चहाच्या टपरीवर जी माहिती मिळते ती कुठल्या पोर्टलवर नाही. कुठे नवीन मशीन उतरलंय, कुठे पगार दोन-दोन महिने लटकतोय, कुठला ऑपरेटर सोडून गेलाय, सगळं तिथे कळतं.

सरकारी बाजूला महास्वयम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, फुकट आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे त्यातूनच कळतात. मेळाव्यात जाऊन पन्नास स्टॉलवर पन्नास बायोडेटा वाटण्यात अर्थ नाही, यादी आधी बघा आणि चार-पाच ठिकाणीच नीट बोला. तिथे स्टॉलवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा की तुम्ही कंपनी आहात का मॅनपॉवर एजन्सी, कारण बोर्ड मोठ्या कंपनीचा आणि मागे बसलेला माणूस एजन्सीचा असं सर्रास असतं.

बायोडेटा

एक पान. त्यावर 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' वगैरे सायबर कॅफेवाल्याने चिकटवलेलं वाक्य काढून टाका, कोणी वाचत नाही. सगळ्यात वर नाव, चालू मोबाइल नंबर आणि राहायला कुठे ते एरियासकट लिहा, दिघी, मोशी, चिखली, जे असेल ते, कारण माणूस किती लांबून येणार हे आम्ही पहिलं बघतो. ट्रेड, पासिंगचं वर्ष, कुठली मशीन हाताळली (फानुक का सीमेन्स कंट्रोल तेवढं जरी लिहिलं तरी पुरे), कुठली मापाची साधनं वापरता येतात, दुचाकी आणि लायसन्स आहे का, नाईट शिफ्ट चालेल का. संपलं. आईवडिलांची जन्मतारीख, छंद क्रिकेट, वैवाहिक स्थिती यातलं काही नको.

कागद मात्र आत्ताच तपासा. आधार, पॅन, बँक पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कशीट, या सगळ्यांवर नाव आणि जन्मतारीख सारखी पाहिजे. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असं असेल तर आज काही वाटणार नाही, पण चार वर्षांनी पीएफ काढायला गेलात की रडायला येईल. आधार दुरुस्ती घरी बसलेल्या दिवसांत करून टाका, नोकरी लागल्यावर त्याला सुट्टी मिळत नाही. काही कंपन्या पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात, तो ऑनलाइन अर्ज करून मिळतो, वेळ लागतो, त्यामुळे आधी अर्ज टाकून ठेवलेला बरा.

ट्रायलला काय बघतात

इथे जरा थांबतो कारण पोरं इथेच गळतात आणि खरं सांगू का, यातलं सगळं आठवड्याभरात शिकण्यासारखं आहे.

माझ्याकडे पोरगा आला की मी त्याला मार्क विचारत नाही. हातात व्हर्नियर (जबड्यात धरून माप घ्यायचं साधन) देतो आणि एक टर्न केलेला जॉब, म्हणजे लेथवर गोल केलेला पार्ट, देतो, डायमीटर सांग म्हणतो. दहातले निम्मे तरी व्हर्नियर कसाही धरून दाबतात, जबडा तिरका बसतो आणि रीडिंग काहीतरी भलतंच येतं. काही जण झिरो एरर न बघताच सुरू करतात. ज्याने आधी जबडे बंद करून झिरो बघितला, जॉबवरचा बर (कडेला राहिलेली धातूची कूस) आणि तेल पुसलं आणि मग माप घेतलं, त्याला मी रीडिंग चुकलं तरी उभा करतो. लीस्ट काउंट, म्हणजे साधनावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारला तर साध्या व्हर्नियरचा ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरचा ०.०१, हे पाठ पाहिजे राव, हे पण नसेल तर आयटीआयची दोन वर्षं कुठे गेली?

मग ड्रॉइंग पुढे ठेवतो. बोअर (जॉबमधलं भोक) २५ एच७ लिहिलेलं असतं. विचारतो की हा बोअर २५.०३ आला तर काय करशील? बरीच पोरं म्हणतात, "सर, रिवर्क करू." आता २५ एच७ म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे २५.०२१ च्या पुढे गेला की संपलं, बोअर मोठा झालाय, मटेरियल परत कुठून आणणार? शाफ्ट जाडा आला तर परत एक कट मारता येतो, बोअर मोठा झाला की भंगार. आकडा पाठ नसला तरी चालतो, चार्ट भिंतीवर लावलेलाच असतो. पण "बोअर मोठा झाला की परत येत नाही" हे ज्याला कळतं त्याच्या हाताखाली मी मशीन द्यायला तयार आहे. आणि ज्याला माहीत नाही पण तो सरळ म्हणतो "मशीन थांबवीन, पीस वेगळा ठेवीन आणि तुम्हाला दाखवीन", तोही चालतो, उलट तो जास्त चालतो. शंभर पीस मारून झाल्यावर संध्याकाळी सांगणारा नको.

तर तयारी म्हणून काय करा, एखादा साधा व्हर्नियर मिळवा, मित्राचा असला तरी चालेल, आणि घरातलं जे दिसेल ते मोजा, नळाची पाइप, स्क्रू, ग्लासचा आतला व्यास, खोली. आठ दिवसांत हात बसतो. जी कोड, एम कोड (सीएनसीला द्यायच्या आज्ञा) युट्युबवर मराठीतून पण शिकता येतात, पण माप घेणं युट्युबवर येत नाही.

आणखी एक, आमच्याकडचे काही मालक तोंडावर बोलत नाहीत पण मनात "लोकल पोरगं नको" असं असतं. सणाला सुट्टी, लग्नसराईत सुट्टी, बोललं की चार पोरं घेऊन गेटवर येतो अशी एक समजूत आहे. ती सगळ्यांना लागू नाही हे मला माहीत आहे, पण ती आहे. राज्य सरकारचं धोरण आहे की सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत, पर्यवेक्षकीय जागांवर ५० टक्के, १७ नोव्हेंबर २००८ चा शासन निर्णय आहे तसा, आणि स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. हा कागद मोठ्या प्लांटला लागतो. छोट्या शॉपमध्ये नगरसेवकाचं पत्र घेऊन आलात तर तुमचं काम होण्याऐवजी बिघडतं, मी बघितलंय. त्यापेक्षा पहिले तीन महिने एकही दांडी मारू नका, मग तोच मालक पुढच्या जागेसाठी तुम्हालाच विचारेल, "तुझ्या ओळखीचं कोणी आहे का?"

कुठल्या कागदावर लागताय ते बघा

नोकरी लागली म्हणून पेढे वाटण्याआधी हे विचारा की मी नक्की कोणाच्या रोलवर आहे, म्हणजे कागदोपत्री कोणाचा कामगार आहे. याचं उत्तर चार प्रकारचं असतं.

पहिला प्रकार कंपनीच्या स्वतःच्या रोलवर, तो मिळाला तर हा लेख बंद करून झोपा.

दुसरा अप्रेंटिस. अप्रेंटिस ॲक्ट १९६१ चा आहे, तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. यात स्टायपेंड मिळतो, २०१९ च्या नियमांत शिक्षणाप्रमाणे किमान ५,००० ते ९,००० अशी रक्कम ठरली होती, त्यापेक्षा जास्त देणाऱ्या कंपन्या पण आहेत. अप्रेंटिसला पीएफ-ईएसआय (ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नसतो हे आधीच माहीत असू द्या, ती फसवणूक नाही, कायदाच तसा आहे, पण काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. महत्त्वाचं म्हणजे तुमचं कॉन्ट्रॅक्ट सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर चढलंय का ते स्वतः लॉगिन करून बघा. चढलं नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, नुसते स्वस्त हेल्पर आहात. आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा देऊन एनएसी सर्टिफिकेट (अप्रेंटिसशिप पास झाल्याचं राष्ट्रीय प्रमाणपत्र) हातात घेतल्याशिवाय सोडू नये, रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत रेल्वेत अप्रेंटिस केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात, आणि देहूरोड-खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या अप्रेंटिस जाहिरातींवर लक्ष ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे राज्य सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ ला आली. बारावी पास ६,०००, आयटीआय-डिप्लोमा ८,०००, पदवीधर १०,००० महिना, सुरुवातीला सहा महिने होती नंतर अकरा केली. यात गेलात तर मुदत संपल्यावर कायम करतील ही आशा डोक्यातून काढून टाका, योजनेत तसं वचनच नाही. रिकामं बसण्यापेक्षा बरं, तेवढ्या काळात काहीतरी शिका आणि बाहेर पडा.

चौथा आणि सगळ्यात जास्त दिसणारा, कॉन्ट्रॅक्टर. चाकणमधल्या मोठ्या कंपनीचा टी-शर्ट, कँटीनमध्ये जेवण, नेण्या-आणण्याला बस, गावाकडे सांगायला मोठं नाव. पण पगार देणारा चिंचवडच्या कुठल्यातरी गाळ्यात बसलेला कॉन्ट्रॅक्टर, काम म्हणजे लाइनवर एकाच ठिकाणी उभं राहून एकच बोल्ट घट्ट करायचा, आणि सहा-सात महिन्यांनी ब्रेक. ब्रेक का, तर बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायद्याने काही हक्क लागू होतात, ते लागू होऊ द्यायचे नसतात. मग दुसऱ्या प्लांटला दुसरा टी-शर्ट. असे चार-चार टी-शर्ट घालून झालेली पोरं पंचविशीत माझ्याकडे येतात आणि मी विचारतो मशीन कुठलं येतं तर उत्तर नसतं. पोरगं मेहनती असतं, सगळं असतं, पण चार वर्षांत त्याला कोणी काही शिकू दिलेलंच नसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या. पहिल्या दोन वर्षांत चाकणच्या मोठ्या गेटपेक्षा भोसरीतलं छोटं शटर बघा. पगार दोन-तीन हजारांनी कमी असेल, कँटीन नसेल, एसी तर सोडाच, जून महिन्यात पत्र्याखाली घामाघूम व्हाल. पण तिथे माणसं कमी असल्यामुळे तुम्हाला हेल्परवरून ऑपरेटर आणि ऑपरेटरवरून सेटर (नवीन जॉबसाठी मशीन लावून देणारा) व्हायला वाट असते, टूल बदलणं, ऑफसेट मारणं, नवीन जॉबचा फिक्स्चर लावणं हे सगळं हाताखालून जातं. सेटर झालात की मग चाकणवाले स्वतः फोन करतात आणि तेव्हा तुम्ही रोल विचारून मग हो म्हणू शकता.

अर्थात छोटं शटर म्हणजे सगळं गोड असंही नाही. तिथे बघायच्या गोष्टी वेगळ्या. मशीन किती शिफ्ट चालतंय विचारा, दोन शिफ्ट चालत असेल तर काम आहे, दिवसा एकच शिफ्ट आणि निम्मी मशीन झाकलेली असतील तर पगार लटकणार. काम एकाच कस्टमरचं आहे का चार जणांचं? एकाचंच असेल तर त्याने ऑर्डर कमी केली की पहिला नवीन पोरगा जातो. प्रेस शॉप (पत्रा दाबून पार्ट काढायचं काम) असेल तर प्रेसला सेन्सर किंवा दोन हातांचं बटण आहे का ते डोळ्यांनी बघा, पायाच्या पेडलवर चालणारा उघडा प्रेस दिसला की पगार कितीही असो, नमस्कार करून बाहेर पडायचं. बोटं परत येत नाहीत.

पगाराचं बोलताना

"पंधरा हजार मिळतील" या वाक्याला काही अर्थ नाही. इन हँड किती, बेसिक किती, पीएफ-ईएसआय कापून का आधी, आठ तासांचे का बारा तासांचे? बरेच जण बारा तासांचा पगार आठ तासांचा म्हणून सांगतात. ओव्हरटाइमचा रेट कायद्याने दुप्पट आहे, छोट्या ठिकाणी सिंगलच देतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्हाला नियम माहीत आहे हे समोरच्याला कळलं तरी बोलण्यात फरक पडतो. किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, कामगार आयुक्तालयाच्या वेबसाइटवर तक्ता मिळतो, तुमच्या इंडस्ट्रीचा बघून मगच बोलायला बसा. नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, त्यात नियुक्तीपत्र द्यायलाच लागतं, तेव्हा मागायला लाजू नका.

पीएफमध्ये तुमचे बेसिकच्या १२ टक्के आणि मालकाचे तेवढेच. काही कॉन्ट्रॅक्टर दोन्ही बाजू तुमच्याच ठरलेल्या पगारातून कापतात, आणि काही तर कापतात पण भरतच नाहीत. दुसऱ्या पगारानंतर रजिस्टर मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, बॅलन्सचा मेसेज येतो, किंवा उमंग ॲपवर पासबुक बघा. तिथे काही दिसलं नाही तर सुपरवायझरच्या "होईल होईल"वर बसू नका. यूएएन नंबर (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) आयुष्यभर एकच, नवीन कॉन्ट्रॅक्टर नवीन नंबर काढतो म्हणाला तर जुना द्या.

ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू, तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. पोरांना वाटतं पैसे फुकट जातात. मोहननगरला चिंचवडमध्ये ईएसआयचं हॉस्पिटल आहे, घरच्यांनाही चालतं, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. कार्ड काढून घरात आईकडे देऊन ठेवा.

जिथे पैसे मागतात तिथून उठायचं

रजिस्ट्रेशन फी, गेटपास चार्ज, युनिफॉर्मचं डिपॉझिट, मेडिकलचे पैसे, "साहेबांचा चहापाण्याचा खर्च". नाव काहीही असो, नोकरी देणारा पैसे घेत नाही. विजेच्या खांबावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर नामांकित कंपनीत भरती, राहणे-जेवण फ्री, पगार २२ ते २८ हजार, दहावी पास-नापास असं सगळं एकत्र लिहिलेलं असेल तर ती चिठ्ठी बघून हसायचं. ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर अजिबात द्यायची नाही, झेरॉक्स द्या आणि झेरॉक्सवर कशासाठी दिली ते तारखेसकट लिहा.

मोबाइलवरच्या "घरबसल्या टास्क पूर्ण करा" वाल्यांकडे तर फिरकूच नका, आधी दीडशे रुपये देतात, मग तुमच्याकडून दीड लाख घेतात. कोणी फसलंच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा, जितका लवकर फोन तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त.

बीए-बीकॉमवाल्यांचं काय

मशीनवर जायचं नसेल तरी एमआयडीसी सोडू नका. प्रत्येक शॉपला एक माणूस लागतो जो चलन बनवेल, जीएसटी बिल काढेल, ई-वे बिल करेल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर आणि राज्याबाहेर पन्नास हजारांच्या वर माल गेला की ई-वे बिल लागतं, एवढं आणि टॅली येत असेल तर डिस्पॅच क्लार्क म्हणून जागा मिळते, आणि दोन वर्षांत स्टोअर-परचेसकडे सरकता येतं. मराठी-हिंदी दोन्ही बोलणारा आणि ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडू शकणारा बीकॉम पोरगा भोसरीत उपाशी राहत नाही. चाकणच्या म्हाळुंगे-निघोजे-खराबवाडी पट्ट्यात वेअरहाऊस आहेत, तिथे पिकर-पॅकर न होता स्कॅनिंग आणि इन्व्हेंटरीच्या बाजूला जायचा प्रयत्न करा. प्रवासाचा हिशोब मात्र आधी मांडा, तळेगाव चौकातला ट्रॅफिक ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको.

मुलींसाठी वायर हार्नेस, इलेक्ट्रॉनिक असेंब्ली, क्वालिटी इन्स्पेक्शन यात चांगल्या जागा असतात आणि महापालिकेचं कासारवाडीला मुलींचं स्वतंत्र आयटीआय आहे, मोरवाडीचं सगळ्यांना माहीतच आहे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरापर्यंत गाडी आहे का हे पगाराच्या आधी विचारा, "मेन रोडला सोडतो" हे उत्तर चालणार नाही.

डिलिव्हरीचं काम करू नका असं मी म्हणणार नाही, घर चालतं त्यावर लोकांचं. फक्त दिवसाची कमाई सांगताना पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग आणि गाडीचा हप्ता वजा करून सांगा, मग हेल्परच्या पगाराशी तुलना करा. आणि भरतीवाल्यांना एवढंच की २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना १७ लाखांवर अर्ज होते. ग्राउंड करा, अभ्यास करा, पण सोबत सकाळची शिफ्ट पण करा, फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते, लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी असते. सहा-सहा वर्षं नुसती भरती करून वय संपलेली पोरं ट्रायलला येतात तेव्हा त्यांना अठरा वर्षांच्या पोरासोबत हेल्पर म्हणून उभं राहावं लागतं, ते बघवत नाही.

स्वतःचा धंदा टाकायचा असेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, अर्ज ऑनलाइन, पुढे जिल्हा उद्योग केंद्र आणि मग बँक. पण कृपा करून आधी कोणाच्यातरी शॉपमध्ये कोटेशन कसं देतात आणि पेमेंट कसं वसूल करतात ते बघा. मशीन घ्यायला लोन मिळतं, ९० दिवसांनी येणारं पेमेंट ११० दिवसांनी आलं तर हप्ता कोण भरणार हे बँकवाला सांगत नाही.

सोडताना

वर्ष-दोन वर्षांनी दुसरीकडे जास्त मिळतंय म्हणून जाताय तर जरूर जा, कोणी वाईट वाटून घेत नाही, म्हणजे घेतो पण चार दिवस. फक्त फोन बंद करून गायब होऊ नका, भोसरी छोटी आहे, नवीन मालक जुन्याला फोन करतोच. लेखी राजीनामा द्या, नोटीस भरा, लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्या ज्यात मशीनचं नाव आणि पोस्ट लिहिलेली असेल, नुसतं "चांगलं काम केलं" नको. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप फोनमध्ये ठेवू नका, स्वतःला मेल करून ठेवा. आणि पीएफमध्ये डेट ऑफ एक्झिट टाकली गेली का ते बघा, मालकाने टाकली नाही तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता, आधारला मोबाइल लिंक पाहिजे एवढंच.